मुख्य थ्रेड (मोबाइल अ‍ॅप)

मुख्य थ्रेड किंवा यूआय थ्रेड हा मोबाइल अ‍ॅपमधील असा कार्यप्रवाह होय, ज्याच्याकडे स्क्रीनवरील घटक रेखाटणे, त्यांत बदल करणे आणि वापरकर्त्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देणे ही कामे सोपविलेली असतात. अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींमध्ये याबाबत दोन नियम आहेत. वेळखाऊ काम मुख्य थ्रेडवर करू नये, हा पहिला नियम. स्क्रीनवरील घटकांत मुख्य थ्रेडखेरीज अन्य थ्रेडने बदल करू नये, हा दुसरा. त्यामुळे इंटरनेटवरून माहिती आणणे, छायाचित्राचा आकार कमी करणे, डेटाबेसमध्ये शोध घेणे यांसारखी कामे पार्श्वभूमीवरील थ्रेडवर केली जातात आणि त्यांचा निकाल दाखविण्याचे काम पुन्हा मुख्य थ्रेडकडे सोपविले जाते.

संदेशांची रांग

मुख्य थ्रेडपुढे कामांची एक रांग असते. बोटाचा स्पर्श, कळफलकावरील अक्षर, स्क्रीन पुन्हा रेखाटण्याची सूचना अशी प्रत्येक गोष्ट या रांगेत संदेशरूपाने येते. थ्रेड एक संदेश उचलतो, तो पूर्ण करतो आणि मगच पुढचा घेतो. अँड्रॉइडमध्ये ही रांग फिरती ठेवणाऱ्या घटकाला लूपर, तर रांगेत काम टाकणाऱ्या घटकाला हँडलर म्हणतात. आयओएसमध्ये हेच काम रन लूप आणि मुख्य डिस्पॅच क्यू करतात.

सेकंदाला ६० वेळा रेखाटल्या जाणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या संदेशाने यापेक्षा अधिक वेळ घेतला, तर मधली चित्रे गळतात आणि हालचाल अडखळत दिसते. काम काही सेकंद लांबले, तर स्क्रीन गोठते. स्पर्शासारख्या घटनेला ५ सेकंदांत प्रतिसाद न मिळाल्यास अँड्रॉइड त्याची ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद करते आणि वापरकर्त्याला अ‍ॅप बंद करण्याचा पर्याय देऊ शकते. इंटरनेटचा वेग कोणाच्याच हाती नसल्यामुळे अँड्रॉइड ३.० (२०११) पासून, त्या किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी बनविलेल्या अ‍ॅपने मुख्य थ्रेडवर नेटवर्कशी संपर्क साधल्यास प्रणाली त्रुटी देते.

एकाच थ्रेडचा नियम

अनेक थ्रेडना स्क्रीन बदलण्याची मुभा दिली, तर दोन थ्रेड एकाच घटकावर एकाच वेळी काम करून त्याची अवस्था विसंगत करू शकतात. प्रत्येक घटकाला कुलूप लावणे हा वरवर सोपा उपाय दिसतो. मात्र त्यातून नवी अडचण उभी राहते. वापरकर्त्याचा स्पर्श ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर अ‍ॅपकडे जातो, तर अ‍ॅपने केलेला बदल वरून खाली सिस्टिमकडे येतो. या दोन विरुद्ध दिशांच्या प्रवासांत तीच कुलुपे उलट क्रमाने घेतली जातात. मग एक थ्रेड दुसऱ्याकडील कुलपाची आणि दुसरा पहिल्याकडील कुलपाची वाट पाहत राहतो. या स्थितीला डेडलॉक म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्समधील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये जावाच्या अनुभवावरून हीच कारणमीमांसा मांडली होती. जावाची स्विंग ही प्रणालीही एकाच थ्रेडचा नियम पाळते.

निकाल सोपविण्याच्या पद्धती

पार्श्वभूमीवरील थ्रेड स्क्रीनवरील घटक स्वतः बदलत नाही. काय बदलायचे आहे याचा संदेश तो मुख्य थ्रेडच्या रांगेत टाकतो. यासाठी अँड्रॉइडमध्ये हँडलर, व्ह्यूची पोस्ट आणि अ‍ॅक्टिव्हिटीची रनऑनयूआयथ्रेड ही फंक्शने आहेत. २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ सोबत आलेल्या असिंकटास्कने पार्श्वभूमीवरील काम आणि स्क्रीनवरील बदल एकाच वर्गात आणले. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ पासून त्याचा वापर टाळण्याची सूचना देण्यात आली. आता कोटलिन भाषेतील कोरूटीन मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. त्यांत कोणता भाग कोणत्या थ्रेडवर चालेल, हे डिस्पॅचर ठरवितो.

आयओएसमध्ये मुख्य डिस्पॅच क्यूवर काम असिंक पद्धतीने पाठविले जाते. मुख्य थ्रेडवरूनच त्या क्यूला सिंक पद्धतीने काम दिल्यास थ्रेड स्वतःचीच वाट पाहू लागतो आणि अ‍ॅप अडकते. स्विफ्ट ५.५ (२०२१) मधील मेनअ‍ॅक्टर या खुणेमुळे चुकीच्या थ्रेडचा वापर प्रोग्रॅम संकलित होतानाच लक्षात येऊ शकतो.

चुकीच्या थ्रेडवरून केलेला बदल दर वेळी लगेच उघड होतो असे नाही. कधी अ‍ॅप बंद पडते, कधी बदल उशिरा दिसतो, तर कधी सर्व काही सुरळीत चालल्यासारखे वाटते. यासाठी २०१७ मध्ये एक्सकोड ९ सोबत मेन थ्रेड चेकर हे तपासणी साधन देण्यात आले.

स्क्रीन बदलल्यास

निकाल येईपर्यंत वापरकर्त्याने मागे जाण्याची कळ दाबलेली असू शकते किंवा फोन आडवा केलेला असू शकतो. फोन आडवा झाल्यावर अँड्रॉइड सामान्यतः जुनी अ‍ॅक्टिव्हिटी नष्ट करून नवी तयार करते. जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीला धरून बसलेले पार्श्वभूमीवरील काम अशा वेळी स्मृती अडवून ठेवते आणि अस्तित्वात नसलेल्या स्क्रीनला निकाल देऊ पाहते. २०१७ मध्ये गूगलने मांडलेल्या व्ह्यूमॉडेल आणि लाइव्हडेटा या घटकांत निकाल स्क्रीनपासून वेगळा ठेवला जातो. जी स्क्रीन सक्रिय असेल ती तो वाचते. लाइव्हडेटाच्या पोस्टव्हॅल्यू या फंक्शनला मुख्य थ्रेड मोकळा होण्यापूर्वी अनेकदा हाक मारल्यास केवळ शेवटचे मूल्य पोहोचते. टक्केवारी दाखविण्यासाठी हे पुरेसे असते. प्रत्येक नोंद महत्त्वाची असेल तेथे मात्र नाही.

उदाहरण : शेतातून होणारी पीकनोंद

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात शेतकरी मोबाइल अ‍ॅपद्वारे स्वतःच्या पिकाची माहिती आणि छायाचित्र नोंदवितो. सातबारा उताऱ्यावरील पिकाची नोंद पीककर्ज, पीकविमा आणि नैसर्गिक आपत्तीतील नुकसानभरपाई यांसाठी उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्यालय असलेले मेढा हे गाव वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. अशा डोंगराळ भागात मोबाइलचे संकेत सर्वत्र सारखे पोहोचत नाहीत. म्हणून शेतातून नोंद घेणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपसाठी थ्रेडची योग्य विभागणी महत्त्वाची ठरते.

१२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात सुमारे १.२ कोटी बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास ते उघडण्यासाठी सुमारे ४.८ कोटी बाइट स्मृती लागते. ते लहान करून पाठविण्याचे काम मुख्य थ्रेडवर केले, तर स्क्रीन गोठते. नोंद झाली की नाही हे न कळल्याने वापरकर्ता तेच बटण पुन्हा दाबतो किंवा अ‍ॅप बंद करतो. पहिल्या कृतीतून दुबार नोंद होऊ शकते, तर दुसरीमुळे नोंद हरवू शकते.

योग्य रचनेत बटण दाबताच मुख्य थ्रेड ते निष्क्रिय करून ‘नोंद जतन होत आहे’ असा मजकूर दाखवितो. पार्श्वभूमीवरील थ्रेड छायाचित्र लहान करून नोंद प्रथम फोनमधील डेटाबेसमध्ये ठेवतो आणि नंतर सर्व्हरकडे पाठवितो. अ‍ॅपची प्रक्रिया बंद झाल्यास तिच्यातील सर्व थ्रेडही संपतात. त्यामुळे संपर्क येईपर्यंत थांबावे लागणारे काम २०१८ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या वर्कमॅनेजरसारख्या साधनाकडे सोपविले जाते. सर्व्हरची पोच आल्यावरच मुख्य थ्रेड ‘नोंद पाठविली’ असे दाखवितो. तोपर्यंत ‘फोनमध्ये जतन, पाठविणे बाकी’ ही अवस्था स्क्रीनवर राहते. फोनमधील जतन आणि सर्व्हरवरील नोंद हा फरक वापरकर्त्याला स्पष्ट दिसला, तर मुदतीपूर्वी नोंद पोहोचली आहे की नाही हे त्याला शेतातच कळते.