वणव्याच्या तोंडी लाकडाचं घर

वाफेच्या इंजिनाच्या पुढच्या भागात, धुराड्याच्या बरोबर खाली, एक जाळी बसवलेली असे. कुर्डुवाडीला वाफेच्या इंजिनांची ओळख करून द्यायला नको. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाईट रेल्वे इथूनच बार्शीकडे धावू लागली आणि गावातला रेल्वे कारखानाही त्याच छोट्या गाडीमुळे आला. जाळीचं काम एकच: ठिणग्या अडवायच्या. भट्टीतला निखाऱ्याचा कण धुराबरोबर उडून रुळांकडेच्या वाळल्या गवतात पडला, की माळ पेटलाच म्हणून समजा. आणि माळाच्या कडेला कुणाची तरी कडब्याची गंज उभी असायचीच.

आता सांगा, डोंगर गिळत येणारा वणवा आणि हरभऱ्याएवढी ठिणगी, यांतलं घराला जास्त धोक्याचं कोण?

वणवाच, असं कुणीही म्हणेल. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल इन’ नावाचं एक हॉटेल आहे, त्याची हकिगत ऐका. 1904 साली ते उघडलं. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, छपरावर लाकडाचीच कौलं, आतला दिवाणखाना सात मजले उंच आणि चहूकडे पाइनचं रान. 22 जुलै 1988 ला लाकूड तोडणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी फेकलेल्या सिगारेटमधून वणवा लागला आणि 7 सप्टेंबरला तो या हॉटेलच्या दारात आला. आसपासच्या काही केबिनी जळाल्या. हॉटेल मात्र उभं राहिलं. आजही तिथे पाहुणे उतरतात.

याच्या अगदी उलट घडलं 2018 च्या नोव्हेंबरात, कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात. वणव्यात 18,000 हून अधिक इमारती गेल्या. आणि फोटोत काय दिसतं? घराची राख झालेली आणि शेजारी पाइनचं झाड हिरवंगार! ज्वाळांची भिंत घरावर चालून आली असती, तर झाडाला वगळून पुढे गेली असती का?

हे कोडं त्याआधीच सोडवलं होतं अमेरिकी वनखात्याचे संशोधक जॅक कोहेन यांनी. तेही कसं? कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात 1997 नंतरच्या काही उन्हाळ्यांत शास्त्रज्ञांनी जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून दिले. शेंड्यापर्यंत भडकलेली खरीखुरी आग. कोहेन यांनी तिच्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या, 10, 20 आणि 30 मीटरवर. 10 मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. 20 मीटरच्या पलीकडे एकही पेटली नाही. समोर झाडांहून उंच ज्वाळा, आणि लाकडाची भिंत जागच्या जागी!

असं का होतं, हे हुरड्याच्या आगटीशी बसलेल्या माणसाला लगेच कळेल. कणसं भाजताना तोंड होरपळतं, म्हणून आपण वीतभर मागे सरकतो आणि झळ एकदम सोसवेल इतकी होते. आगीची झळ अंतराबरोबर भराभर उतरते. त्यात आणखी एक गंमत आहे. झाडावरची पानं, काटक्या जळायला एखाद-दोन मिनिटं पुरतात, की ज्वाळा पुढे निघाल्या. जाड लाकडाला तापून पेट घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वणवा एका जागी थांबतच नाही.

मग घरं जाळतं कोण? तेच ते, ज्याच्यासाठी इंजिनात जाळी होती.

मोठ्या वणव्यावर तापलेल्या हवेचा प्रचंड लोट उभा राहतो. सालीचे, काटक्यांचे जळते तुकडे तो उचलतो आणि वरचा वारा ते पळवतो. ऑस्ट्रेलियात 7 फेब्रुवारी 2009 च्या भीषण वणव्यात अशा ठिणग्यांनी 30 किलोमीटरहून अधिक पुढे जाऊन नव्या आगी लावल्या. कुर्डुवाडीतून उडालेली ठिणगी बार्शीच्या शिवारात पेटती उतरावी, एवढं हे अंतर! तिथल्या काही निलगिरींची साल लांब पट्ट्यांनी सुटते, सुटताना गुंडाळी होते आणि त्या गुंडाळीच्या आत आग धुमसत राहते. उडताना विझू नये अशीच तिची घडण आहे.

ठिणग्या घरापाशी येऊन कुठे पडतात, ते तर तुम्ही आजच पाहू शकता. अंगण झाडून झाल्यावर वाऱ्याने पुन्हा पाचोळा कुठे साठतो? पायरीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी, छपराच्या पन्हळीत. वारा जिथे गिरकी घेऊन हातातलं टाकतो, तिथेच तो पाचोळाही टाकतो आणि ठिणगीही. म्हणजे सरपण आणि काडी एकाच कोपऱ्यात आणून द्यायची व्यवस्था वाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते!

म्हणून रानातल्या विश्रामगृहाचं नशीब वणव्याच्या दिवशी ठरत नाही. ते आधीच्या आठवड्यात ठरतं. ओसरीत रचलेली लाकडं, दारातलं काथ्याचं पायपुसणं, कौलांखालचं चिमणीचं घरटं: ठिणगीला एवढं पुष्कळ आहे. जाणकार सांगतात, भिंतीपासून दीड मीटरच्या आत जळणारं काहीही ठेवू नका आणि झरोक्यांना बारीक जाळी लावा, साधारण 3 मिलिमीटरच्या आतल्या भोकांची, तीही धातूची. इंजिनात जाळी ठिणगीला बाहेर पडू देत नव्हती, घरात ती ठिणगीला आत येऊ देत नाही.

आणि छप्पर? ओल्ड फेथफुल इनच्या छपरावर आदल्याच वर्षी, 1987 मध्ये, पाण्याचे फवारे बसवले होते. त्यांनी लाकडी कौलं भिजत ठेवली, माणसं झटली, वाराही ऐनवेळी थोडा वळला. पण मला थक्क करतं ते आपल्याकडचं माळवद. जाड भिंती, वर तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. ऊन आणि पाऊस यांच्यासाठी केलेली ही रचना. तिच्यावर पेटता निखारा पडला तर तो काय पेटवणार? माती? जे काम तिथे पंप आणि नळ करत होते, ते इथे मूठ-मूठ पसरलेली माती गुपचूप करते. कच्चा दुवा एकच, उजेडासाठी छतात ठेवलेला झरोका.

घराबाहेरच्या रानाचं रक्षणही याच हिशेबावर चालतं. कुर्डुवाडीच्याच जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं गवताळ रान आहे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. त्याच्या आधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून, माणसं उभी करून, आपणच जाळून टाकायचं. वणवा तिथवर येतो तेव्हा त्याला खायला काही उरलेलं नसतं.

ठिणग्या ही रेषा ओलांडतील अशी भीती असली, तर अनुभवी माणसं आणखी धाडस करतात. जाळरेषेच्या कडेने समोरच्या गवताला स्वतःच आग लावतात. ती उलटी आपल्याच अंगावर येणार नाही? योग्य क्षण साधला, तर नाही. मोठ्या वणव्यावरची तापलेली हवा वर जाते, तिची जागा भरायला जमिनीलगतची हवा चहूबाजूंनी त्याच्याकडे ओढली जाते, आणि ही छोटी आगही तिच्यासोबत वणव्याच्या दिशेने पळत सुटते. दोन्ही आगी भेटतात तेव्हा दोघींच्या पुढ्यात फक्त राख असते.

याच माळावर आणखी एक रहिवासी वणव्यातून बिनघोर सुटतो: कुसळी गवत. धोतराला, मेंढीच्या लोकरीला टोचणारं ते कुसळ कधी ओलं करून तळहातावर ठेवा. ते हळूहळू फिरू लागेल! त्याच्या शेपटीला पीळ असतो. दवाने तो उलगडतो, उन्हाने पुन्हा भरतो आणि टोकाचं बी गिरमिटासारखं जमिनीत उतरत जातं. गवताची आग क्षणात वरून निघून जाते, माती उष्णता खाली फारशी पोचू देत नाही. थोडं खाली उतरलेल्या बियाला पुरेल एवढं छप्पर तेवढ्यानेच होतं, आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच जळक्या माळावर कुसळी सगळ्यांच्या आधी वर येणाऱ्यांत असते.