गळतं कुठे, बांधतो कुठे

बागेचा पाईप नळाशी गळायला लागला की घरात टेफ्लॉन टेपची शोधाशोध सुरू होते. दहा-बारा वेढे, वर पान्ह्याने आवळणं, आणि तरी पायावर पाणी. टेप बिचारी निर्दोष. तिला भलत्याच जागी राबवलं जातं.

समज असा की पाणी आटे अडवतात. फिरत्या नटाच्या जोडात आटे फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरतात. पाणी अडवतो तो नटाच्या तळाशी बसलेला रबरी वायसर, आणि नेमका तोच उन्हाने कडक झालेला, चिरलेला किंवा कधीचाच पडून हरवलेला असतो. टेप लागते ती वायसर नसलेल्या जागी, म्हणजे निपल थेट सॉकेटमध्ये जातो तिथे. तिथेही वेढे निपल आवळण्याच्या दिशेनेच घ्यायचे. उलटे घेतले तर टेप सुटून तिचा गोळा होतो.

वायसर धड असेल तर हाताने आवळलेलं पुरतं, फार तर वर पाव फेरा. त्याहून जोर केला तर वायसर चेपतो, प्लास्टिकचा नट तडकतो. (दोन तडकवल्यावर मी पान्हा लपवून ठेवला.)

अमेरिकेतल्या लेकाने कौतुकाने आणलेली स्प्रेगन मात्र नव्या वायसरलाही दाद देत नाही. तिथल्या बागेच्या पाऊण इंची जोडाला इंचात साडेअकरा आटे, आपल्या पाऊण इंची नळाला १४. व्यास जवळपास सारखा, म्हणून एक-दोन फेरे गोडीत जातात आणि मग अडकतं. तिथे अ‍ॅडॅप्टरच हवा.

निपलवर पाईप तारेने बांधू नये. तार पाईपला कापत जाते. फाटकं टोक सरळ छाटून गरम पाण्यात बुडवा, मऊ झालं की पूर्ण चढवा आणि स्क्रूची क्लिप आवळा.

‘थेंबभर तर गळतंय!’ सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातात.

‘मघाशी तर कोरडा होता’ हेही खरंच असतं. पाणी वाहत असताना जोडावरचा दाब उतरलेला असतो. पुढचं नोझल मिटून नळ तसाच चालू ठेवला, की गच्चीवरच्या टाकीचा सगळा दाब, दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार, त्या वायसरवर येऊन बसतो. त्यामुळे झाडांना पाणी घालताना न गळलेला जोड रात्रभर गळतो. आधी नळ बंद करायचा, मग नोझल उघडून पाईपमधलं उरलंसुरलं पाणी तुळशीला.