खोक्यातली सायकल आणि पंधरा किलोचं गणित

सायकल विमानातून नेता येते का? येते. उत्तर इतकं सोपं आहे की त्यावर अर्धं पान खर्च करायचं कारण नाही. पण हाच प्रश्न हातकणंगल्यातल्या पोराने विचारला की त्याच्या शेपटीला आणखी चार प्रश्न लागतात. कुठल्या विमानतळावरून? खोकं कुठं मिळणार? तिथवर न्यायचं कशातनं? आणि तिकिटापेक्षा सायकलचंच भाडं जास्त झालं तर?

माझ्या एका मित्राच्या डोक्यात सध्या हेच चाललंय. इचलकरंजीत शेवटच्या वर्षाला आहे. मनाली ते लेह सायकलवर जायचं त्याने पहिल्या वर्षापासून ठरवलंय. सायकल स्वतःच्या पैशाची. दोन वर्षं सुट्टीत मिळेल ते काम करून घेतलेली, गिअरची, डिस्क ब्रेकची. घरी यंत्रमाग, त्यामुळे मंदी म्हणजे काय ते त्याला पेपर वाचून कळत नाही. जाताना तो रेल्वेने जाणार, कारण तेव्हा वेळ आहे. येताना मात्र विमान. लेहला रेल्वे नाही. बसने खाली उतरून, पुढं रेल्वेने घरी पोचेपर्यंत पाच-सहा दिवस जातात आणि तेवढ्यात कॉलेज सुरू होतं. “सायकल मोडली तर दुसरी न्हाई मर्दा,” एवढंच तो म्हणतो. म्हणून निघायला दोन महिने बाकी असताना तो घरच्या सोप्यात सायकल खोलून खोक्यात भरायचा सराव करतोय. लेहमध्ये मदतीला कोणी नसणार आणि हातात फक्त खिशातली पान्यांची जुडी असणार.

आधी पैशाचं बोलू. आपल्याकडे स्वस्त विमानसेवेची सुरुवात २००३ मध्ये एअर डेक्कनने केली आणि एक रुपयाच्या तिकिटाने सगळ्या देशाला वेड लावलं. ते तिकीट स्वस्त ठेवायची युक्ती आजही तीच आहे. सीटचे पैसे वेगळे, खाण्याचे वेगळे, जास्तीच्या सामानाचे वेगळे. देशातल्या प्रवासात बहुतेक स्वस्त कंपन्यांच्या साध्या तिकिटात पोटात टाकायचं सामान १५ किलो आणि हातातलं ७ किलो. ‘लाइट’ नावाची काही तिकिटं तर फक्त हातातल्या सामानाची असतात. सायकलवाल्याने तिकडं बघूच नये.

आता १५ किलोत सायकल बसते का? चांगली हायब्रिड सायकल १३-१४ किलोची. जाड टायरची, स्टीलची असेल तर १७-१८. रिकामं खोकं तीन-चार किलो. म्हणजे हलकी सायकल असली तरी आपण काठावर. कपडे, बूट, हेल्मेट सगळं सात किलोच्या पिशवीत कोंबायचं, जर्किन अंगावर घालायचं, आणि तरीही एक-दोन किलो वर जाणार हे धरून जादा वजन आधीच ऑनलाइन घ्यायचं. काउंटरवर तेच वजन महाग पडतं. मित्राने घराजवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर खोकं ठेवून बघितलं, तेव्हा आकडा १७ किलो ४०० ग्रॅम आला. मग स्टँड, मडगार्ड, बाटलीचे दोन पिंजरे निघाले. लोखंडी कुलूप घरीच राहणार म्हणे.

वजन जमलं तरी माप जमत नाही. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर, हा हिशेब जगभर रूढ आहे. दुकानातून मिळणारं सायकलचं खोकं साधारण १४० लांब, ८० उंच, २२ रुंद. बेरीज करा. २४२! म्हणून सायकल ही ‘क्रीडासाहित्य’ किंवा ‘मोठं सामान’ या खात्यात जाते आणि तिचं शुल्क प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते, बदलतेही. तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीच्या सामानाच्या नियमांचं पान वाचायचं, मग फोन करून विचारायचं, आणि जे उत्तर मिळेल ते ईमेलवर लेखी मागवून घ्यायचं. काउंटरवर ‘सायकल चालत नाही’ म्हणणारा कर्मचारी भेटतोच. तेव्हा वाद घालण्यापेक्षा तो ईमेल दाखवलेला बरा.

यावर परदेशी लोकांनी काढलेला उपाय भारी आहे. फ्रेमच मधून दोन तुकड्यांत सुटणारी सायकल बनवली आणि तिची पेटी २६ × २६ × १० इंचांची केली. बेरीज ६२ इंच, म्हणजे बरोबर १५८ सेंटिमीटर. घडीची छोटी सायकलही या मापात बसते. पण त्या किमतीत आपल्याकडे जुनी मोटारसायकल येते, तेव्हा विषय संपला. आपलं खोकं ते खोकं.

खोकं मिळवणं सगळ्यात सोपं. सायकली कंपनीकडून दुकानात येतात त्या अर्धवट खोललेल्या, खोक्यातच. दुकानदार ती खोकी नंतर रद्दीत घालतात. आठवडाभर आधी सांगून ठेवलं की चहाच्या पैशात काम होतं. तिथंच आणखी एक गोष्ट मागून घ्या, पुढच्या चिमट्यात अडकवलेला प्लॅस्टिकचा तुकडा. चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये तो असला की वरून वजन पडलं तरी चिमटा दबत नाही. दुकानदाराच्या लेखी तो कचरा, आपल्या लेखी दोन-तीन हजारांचा विमा.

मग खोलायचं काम. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवायचं, सीट खाली किंवा बाहेर, पुढचं चाक बाहेर, पेडल बाहेर. पेडलपाशी नवखा हमखास अडतो, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: पाना पेडलच्या वर उभा धरायचा आणि दोन्ही बाजूंना मागच्या चाकाच्या दिशेने ढकलायचा, की सुटतं. उलट्या आट्यांमुळे डावं पेडल चालवताना आपोआप सैल होत नाही. १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींना ही सोय देणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या डेटन गावचे दोन सायकल दुकानदार होते, राइट बंधू. हो, तेच! १९०३ मध्ये ज्यांनी विमान उडवलं. त्यांच्या पहिल्या विमानाचे पंखेही सायकलसारख्या चेनने फिरत होते. आज त्याच विमानात सायकल ठेवायला जागा मागावी लागते, ही गंमतच.

सगळ्यात नाजूक भाग मागे असतो. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो, ती पट्टी मुद्दाम मऊ धातूची असते. धक्का बसला तर फ्रेमऐवजी ती वाकावी म्हणून. विमानातून उतरल्यावर गिअर खडखडायला लागले तर दहातल्या आठ वेळा दोष हिचाच. त्यामुळे डिरेलर पट्टीवरून सोडवून, चिंधीत गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा आणि एक जादा पट्टी जवळ ठेवायची. प्रत्येक सायकलची पट्टी वेगळी असते, ती लेहच्या दुकानात मिळेल या आशेवर राहू नका. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग विमानतळाबाहेर स्क्रूड्रायव्हर घेऊन घाम गाळा.

फ्रेमला गुंडाळायला एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम उत्तम. मित्राने मात्र आपल्या तालुक्याला शोभेल असं केलंय. सुताच्या कोनांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या पुंगळ्या त्याच्या घरी पोत्याने पडलेल्या असतात. त्या उभ्या चिरून त्याने फ्रेमच्या दांड्यांवर बसवल्या, वरून दोऱ्याने आवळल्या. नाद खुळा पॅकिंग! कोल्हापुरातल्या एका जुन्या सायकलपटूला फोटो दाखवला तर तो म्हणाला, “हे पोरगं टूरपेक्षा पॅकिंगमध्येच नंबर काढणार.”

टायरमधली हवा सोडायची का, यावर मात्र कट्ट्यावर भांडणं होतात. विमानाच्या पोटातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. हा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, म्हणजे टायरला तीन-चार पीएसआय जादा भरल्यासारखं वाटणार. त्याने टायर फुटत नाही. तरीही कंपन्या हवा सोडायला सांगतात, आणि काउंटरवरच्या माणसाला भौतिकशास्त्र शिकवून उपयोग नाही. बरीचशी हवा सोडा, थोडी राहू द्या, म्हणजे रिमला मार बसत नाही.

काही वस्तू खोक्यात ठेवायच्याच नाहीत. पंक्चरचं सोल्युशन ज्वलनशील असतं, ते विमानात चालत नाही. त्याऐवजी स्टिकरसारखे चिकटणारे पॅच घ्या. स्प्रेच्या बाटल्या नकोत. पॉवर बँक आणि लाइटच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, पाने आणि हत्यारं मात्र खोक्यात. हे उलटं झालं तर सुरक्षा तपासणीला हत्यारं तिथंच ठेवून पुढं जावं लागतं. इलेक्ट्रिक सायकल असेल तर विषयच हार्ड आहे. १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि ई-सायकलची बॅटरी सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट असते.

विमानाच्या पोटात उंची कमी असते, तिथं माणसं गुडघ्यावर बसून हाताने सामान रचतात. हे डोळ्यांसमोर आणलं की खोकं कसं बांधायचं ते आपोआप कळतं. दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं ठेवा. ज्याला धरायला जागा नाही ते खोकं ओढलं जातं, आपटलं जातं. तपासणीत ते उघडायला लावण्याची शक्यता धरूनच चिकटपट्टी मारा. आणि निघताना ‘लिमिटेड रिलीज’ नावाच्या चिठ्ठीवर सही घेतात, ती वाचून करा. तिचा अर्थ असा की सामान नाजूक आहे, मोडलं तर जबाबदारी आमची नाही. उतरल्यावर खोकं तिथंच उघडून बघायचं आणि काही मोडलेलं दिसलं तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवायची. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. आधी काढलेले फोटो इथंच कामाला येतात.

आता आपला नेहमीचा प्रश्न. उजळाईवाडीचं विमानतळ हातकणंगल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असताना लोक पुणे, गोवा, बेळगाव का शोधतात? कोल्हापूरहून उडणारी विमानं बहुतांशी सत्तर-ऐंशी आसनांची. त्यांच्या पोटात जागा मोजकी, त्यामुळे मोठं खोकं त्या दिवशीच्या जागेवर अवलंबून राहतं. विचारून बघायला हरकत नाही. पण कनेक्टिंग तिकीट असेल तर पुढच्या विमानात खोकं आपोआप जाईल का, की मध्येच उतरवून पुन्हा द्यावं लागेल, हेही त्याच फोनवर विचारा. पुण्याला जायचं तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं आडवं पडतं, फक्त वरती दुसऱ्याची बोचकी चढणार नाहीत हे ड्रायव्हरच्या पोराला पन्नास रुपये देऊन सांगावं लागतं. या खर्चाचा रकाना तिकिटाच्या अॅपवर नसतो.

सायकलवरून मोठं काही केलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्यात खोकं कुठं दिसत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये पर्थहून निघाली. तेव्हा ती इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती, वय आपल्याच वर्गातल्या पोरींएवढं. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस, बराचसा प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं, हे सगळं छापून आलं. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, युरोप आणि शेवटी भारत, या सगळ्यांच्या मध्ये समुद्र आणि सीमा आहेत आणि तिथं सायकल विमानात घालावी लागते. दिवसाला तीनशे किलोमीटर तोडायचा पल्ला डोक्यावर घेऊन दमल्या हाताने पेडल सोडवणं, पुन्हा जोडणं, हे तिला परत परत करावं लागलं असणार. मला तरी अस्वलापेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते.

मित्राचा एकच प्रश्न अजून सुटायचा आहे, परतीच्या खोक्याचा. हातकणंगल्यातलं खोकं मनालीत टाकून द्यावं लागणार, ते पाठीवर घेऊन खिंडी चढता येत नाहीत. लेहला सायकली भाड्याने देणारी दुकानं आहेत, तिथं खोकं मिळतं असं जाऊन आलेले सांगतात, पण हंगामात मागणी फार. वर लेहचं विमानतळ दहा हजार फुटांच्या वर आहे. विरळ हवेत विमानाला वजन घेऊन उडणं जड जातं, त्यामुळे तिथं जादा सामानाला नाही म्हणू शकतात किंवा ते मागाहून पाठवू शकतात. त्याने दोन उपाय धरलेत. पोचल्या दिवशी आधी खोकं शोधायचं, मग फिरायचं. आणि तिकीट शेवटच्या तारखेचं काढायचं नाही, हातात दोन दिवस मोकळे ठेवायचे.

परवा त्याने पुन्हा सगळं बांधलं. सुरुवातीला साडेतीन तास लागत होते, आता एक तास दहा मिनिटं. काट्यावर १४ किलो ८०० ग्रॅम. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आता पुन्हा जोड, दूध आणायला जायचंय.”