मानशीचे दार कुणाच्या हाती?

देशावरच्या शेतकऱ्याला काळजी असते ती पाणी शेतात कसे येईल याची. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठी ही काळजी उलटी आहे. पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथल्या कित्येक पिढ्या खपल्या. दिवाडी किंवा चोडण बेटावर भरतीच्या वेळी बांधावर उभे राहून पाहा. एका हाताला खारे पाणी चढलेले दिसते, तर दुसऱ्या हाताला त्याहून खालच्या पातळीवर भाताचे शेत. मध्ये काय तो मातीचा बांध!

या जमिनींना खाजन म्हणतात. गोव्यात त्या सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. खाडीकाठच्या तिवरांच्या दलदलीत चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध रचले आणि ही जमीन लागवडीला आणली, ती गावकऱ्यांनी एकत्र येऊन. गावाच्या या संस्थेला गावकरी म्हणत. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिच्या चालीरीती लिहून काढल्या, तेव्हाही ती जुनीच होती.

खरी करामत आहे मानशीची. मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार; रायगडकडे यालाच उघाडी म्हणतात. लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात, की भरतीच्या रेट्याने त्या आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. शेतातले पावसाचे पाणी नदीत निघून जाते. वीज नको, इंजिन नको! आतल्या बाजूला पोंय नावाचा खोलगट भाग असतो. झिरपलेले खारे पाणी तिथेच थोपते, शेतापर्यंत जात नाही. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी, कालुंदर, चोणक सापडतात. चोणक म्हणजे आपल्या अलिबागकडचा जिताडा. पहिल्या पावसांनी मातीतला खारेपणा धुऊन निघाला की कोरगुट भात पेरायचे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे हे वाण आहे.

मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होई. तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागे. खेकड्याने बांधात बीळ पाडले तर ते वेळीच बुजवले पाहिजे, नाहीतर एका मोठ्या भरतीत बांध फुटतो. म्हणजे भात आणि मासळी एकाच घराचे दोन भाऊ होते, आणि घर चालवत होता गाव.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. पण जमीन वाटता येते, बांध कसा वाटणार? गावकरीची जमीन गेली, तसा तिचा बांधातला जीवही गेला. १९७५ च्या नियमांनी बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर टाकली. काही संघांनी ती निभावली. पुष्कळ ठिकाणी मात्र पावणीचा पैसा आला की संघाचे काम संपले! त्यातच खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध खचत गेले.

पावणी घेणाऱ्या ठेकेदाराचे तिथे शेत नसते. त्याला मासळी हवी असते, आणि जितके खारे पाणी आत, तितकी मासळी जास्त. मग भरतीला मिटायचे दार तो उघडे धरतो. तिकडे शेतात खार चढतो, आणि तो एका पावसाने निघत नाही. भातापेक्षा मासळीला भाव चांगला, मजूर मिळत नाही, पोरे नोकरीला गेलेली. मग शेतकरीही म्हणतो, राहू दे पडीक.

आम्हाला विचाराल तर पावणीच्या अटींत दोन गोष्टी आधी लिहिल्या पाहिजेत: पीक उभे असेतो भरतीला दार मिटलेलेच राहील, आणि त्यावर नजर ठेवणारा माणूस शेत कसणाऱ्यांपैकी असेल. पावणीच्या बैठकीला बायांनीही बसावे. लावणी-कापणीला कंबर त्यांचीच मोडते.

पडीक शेतात दोन-चार वर्षांत तिवरे उगवतात. बांधाच्या बाहेर उभी असतात तेव्हा हीच झाडे लाटा अंगावर घेऊन बांध राखतात. आत फोफावली, की ती तोडायला कायद्याची परवानगी लागते. तोवर शेताची खाडी झालेली असते.