सावलीचा मुक्काम

मे महिन्यात एका दिवसाच्या सहलीला कुठे जावे असे कुणी विचारले, की मी माथेरान सांगतो. पॉइंटांसाठी नव्हे, सावलीसाठी. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना हे ठिकाण गवसले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. पण खासगी मोटार आजही दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे तांबडी माती, जांभळीची दाट झाडी आणि तुमच्या डब्यावर डोळा ठेवून बसलेली माकडे. (पिशवी मांडीवरच ठेवावी!)

बँकेत असताना सौ. दरवर्षी विचारायची, "यंदा जायचं ना?" कधी मार्चअखेरची राहिलेली कामे, कधी ऑडिट, कधी बदली. इतरांच्या रजा मात्र मीच मंजूर करीत होतो.

निवृत्तीनंतर गेलो, तेव्हा तिचे गुडघे कुरकुरू लागले होते. हातरिक्षात ती बसेना. "माणसानं माणसाला ओढायचं?" मग बसत-उठत शार्लोट तलाव गाठला. गावाचे पिण्याचे पाणी ते; म्हणून सतरंजी जरा दूर अंथरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरी. जेवायला तीन वाजले.

"इको पॉइंट राहिला," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी," मी सवयीने बोलून गेलो. तिला हसू आवरेना.