समुद्रावरच्या मीराबेन

मैत्रिणींनो, पाहुणे आले की आपण त्यांना सेवाग्राम दाखवतोच. तिथली बापू कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली, आणि जवळची बा कुटी कस्तुरबांची. या दोघींच्या नावाच्या गस्ती नौका आहेत, हे कितीजणींना ठाऊक आहे? तटरक्षक दलासाठी गोवा शिपयार्डने बांधलेल्या या वेगवान नौकांपैकी 'सरोजिनी नायडू' 2002 मध्ये आली. मागोमाग 'कस्तुरबा गांधी', 'मीराबेन', 'सावित्रीबाई फुले'. गंमत म्हणजे मीराबेन ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची लेक!

नौका सुमारे 48 मीटर लांब, वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर. आणि खाली फिरणारा पंखाच नाही! शेतातला पंप सुरू केला की पाणी जोरात बाहेर पडतं आणि हातातला पाइप मागे ढकलतो ना, तीच युक्ती. तळातून पाणी ओढायचं, मागे झोतात फेकायचं, की नौका पुढे. पंखा नसल्यामुळे उथळ पाण्यातही शिरता येतं. तस्करांची होडी किनाऱ्याकडे पळाली तरी सुटका नाही. संकटातल्या कोळ्यांना वाचवणं, चोरून मासे नेणाऱ्या परदेशी बोटी अडवणं, हेही दलाचंच काम. आपला सागरी हक्क किनाऱ्यापासून 200 सागरी मैल, म्हणजे सुमारे 370 किलोमीटर. वर्ध्याहून रेल्वेत बसलं तर जळगावच्याही पुढे!

माझ्या भाचीला या दलात जायचंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवो, आपल्या धाम नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नाही राहत, अन् पोरगी समुद्रावर चालली!" मी हसले, पण मला खटकतं ते वेगळंच. नावं बायकांची, पण नौकेवर बायका कुठे? 2017 मध्ये चार महिला अधिकारी पहिल्यांदा गस्तीवर गेल्या, त्याही हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या हॉवरक्राफ्टवर. 2024 मध्ये एका महिला अधिकाऱ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारलं, नौदलात बायका कायम नोकरीत राहतात, मग तटरक्षक दलात का नाही?

भाचीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. बारावीचं गणित आणि फिजिक्स सोडू नकोस. आणि जाहिरात आली की पगाराआधी बघ, ती जागा मुलींसाठी आहे का.