जास्वंदीवरचा पांढरा कापूस

जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात, शेंडे आक्रसतात आणि पेरांवर पांढरा कापूस दिसू लागतो. कुंडीत बाग फुलवणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण.

हे कीटक सोंड खुपसून झाडाचा रस शोषतात. रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्ले कमी असतात. त्यामुळे कीटकाला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि पिठ्या ढेकणांना खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. चिकट पानांवर काळी बुरशीही वाढते.

पिठ्या ढेकणांच्या अंगावरच्या मेणामुळे नुसते पाणी त्यांच्यावर टिकत नाही. सौम्य साबणाचे पाणी मात्र मेणाचा थर भेदते. ते संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही फवारावे. कापसातली अंडी वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली, की मुंग्यांची वाट बंद होते. नत्रयुक्त खत बेतानेच घालावे, कारण लुसलुशीत फुटीवर कीड जास्त पोसते.

फवारण्याआधी नीट पाहा. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलीमस हा भुंगेरा पिठ्या ढेकणांचा कट्टर शत्रू आहे. त्याची अळीही तशीच पांढरी, पण आकाराने मोठी आणि चपळ असते. ती दिसली तर फवारणी थांबवा. तुमचे काम तीच करील.